बाबांच्या फोटोला हार

सईने पोळीचा पहिला घास मोडला, तुपात बुडवला आणि तोंडात न घालता उठून बाल्कनीत गेली. चवड्यांवर उभं राहून तिने तो घास कठड्यावर ठेवला, परत येऊन मांडी घालून बसली आणि शहाण्या मुलीसारखी जेवायला लागली.

समोर शेखर वरणभात कालवत होता. "काऊला दिलास होय?" त्याने हसून विचारलं.

सईने मान वर केली नाही. "तुम्ही जेवा ना," ती हळूच म्हणाली.

वल्लरीने वाढता वाढता लेकीकडे बघितलं. साडेचार वर्षांची पोर, बोलायला लागल्यापासून बापाला अरेतुरे करणारी. "बाबा, तू घोडा हो" म्हणून त्याच्या पाठीवर उड्या मारणारी. आणि गेले पाच दिवस तिने त्याला एकदाही 'तू' म्हटलं नव्हतं. घरात तिने 'तुम्ही' म्हटलेलं माणूस एकच, तिचे आजोबा. ते गेल्या वर्षी फेब्रुवारीत गेले.

वल्लरी लक्ष ठेवणारी बाई होती. द्राक्षं मिठाच्या पाण्यात तीनदा धुऊन, वर उभी चिरून पोरीला देणारी. पाथर्डी फाट्याच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये प्लगच्या प्रत्येक भोकाला टोपण होतं, खिडक्यांना जाळी होती, थर्मामीटर दोन होते. शेखर म्हणायचा, "एम. ए. इंग्रजीत केलंस की काळजीत?" त्यामुळे पोरीचं काहीतरी बिनसलंय हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. काय बिनसलंय ते मात्र पाचव्या दिवशीही कळत नव्हतं. ताप नव्हता. पोट साफ होतं. बालवाडीत विचारून झालं होतं. सई बापाला घाबरतही नव्हती. उलट त्याच्याशी फार चांगली वागत होती. त्याने उचललं की अंग आखडून निमूट राहायची, खाली ठेवलं की फ्रॉक नीट करून लांब जाऊन बसायची. दूरच्या नात्यातलं कोणी आजारी माणूस घरी आलं की मोठी माणसं वागतात ना, तशी.

आणि हे सगळं पिक्चरच्या शूटिंगनंतर सुरू झालं होतं, एवढं वल्लरीला ठाऊक होतं.

शेखर अंबडला एका कारखान्यात मालाची तपासणी करायचा, पण त्याचा जीव अडकला होता भलतीकडेच. उजाड माळ, घोडा, मोठ्या टोपीचा माणूस आणि त्याच्या मागावर काहीतरी मेलेलं. असल्या स्वस्तातल्या इंग्रजी पिक्चरांचं त्याला कॉलेजपासून वेड. दोघांची ओळखही त्यातूनच झाली. मित्राच्या खोलीवर लॅपटॉपभोवती आठ जण बसलेले, आणि पडद्यावर एक प्रेत उठून बसल्यावर ही एकटी पोरगी फस्सकन हसली होती. "प्रेताच्या मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा दिसतोय बघ!" शेखरला राग यायच्या ऐवजी लग्नच सुचलं.

पुढे दहा वर्षं हेच चाललं. तो भारावून बघायचा, ती चुका काढायची. रक्त म्हणजे नुसता टोमॅटोचा सॉस. भूत इतक्या लवकर दाखवतात की उरलेला तासभर त्याचं करायचं काय ते त्यांनाच कळत नाही. आणि बोलतात किती! माळावर दोन माणसं उभी राहिली की सगळी कथा एकमेकांना सांगून टाकतात. "गोळ्या झाडायला पैसे नसतात ना, मग तोंडच झाडतात," ती म्हणायची.

पण एखाद्या पिक्चरात मध्येच काहीतरी असं यायचं की तीही उशी पोटाशी घट्ट धरायची. संगीताला पैसे नाहीत म्हणून नुसता वारा वाजतोय. खोटी धूळ उडवायला पैसे नाहीत म्हणून खरीच धूळ, खरंच कोरडं पडलेलं तोंड. आणि नट सगळे अनोळखी. मोठा हिरो असला की तो मरणार नाही हे तिकीट काढतानाच कळलेलं असतं. इथे कोणाचीच खात्री नाही. कोणीही, कधीही जाऊ शकतो. "हे मात्र खऱ्यासारखं असतं हं," ती कबूल करायची, आणि शेखरची छाती फुगायची, जसा काही पिक्चर त्यानेच काढलाय.

शेवटी ह्या एप्रिलमध्ये त्याने काढलाच. एका स्पर्धेसाठी वीस मिनिटांचा. लग्नांचं शूटिंग करणारा योगेश कॅमेऱ्यावर, कारखान्यातला दीपक खलनायक, शेखर स्वतः घोडेस्वार. सिन्नरच्या बाजूला योगेशच्या काकांचा माळ होता. तिथली बंद पडलेली पोल्ट्रीची शेड झाली दारूचा गुत्ता. टोप्या सापुताऱ्याच्या सहलीत घेतलेल्या. घोडी वरातीतली, पांढरी, नाव राणी. सुरुवातीला सगळी मजाच होती. योगेशने मूड यावा म्हणून मोबाइलवर ढोल लावला, आणि सूड घ्यायला निघालेल्या घोडेस्वाराखाली राणी चारी पायांवर ठेक्यात नाचायला लागली.

"वहिनी, हा बदला घ्यायला चाललाय की मांडवात?" दीपक मेलेला पडल्या जागेवरून ओरडला.

"तू मेलायस. गप्प पड," वल्लरी म्हणाली.

भुताचा प्रश्न आला तेव्हा योगेशने पिशवीतून लाल डोळ्यांचा रबरी मुखवटा काढला. वल्लरीने तो बघितला आणि कपाळाला हात लावला. "कमी पैशात भूत दाखवलं की ते कमी पैशाचंच दिसतं, योगेशभाऊ. दाखवूच नका."

"मग हॉरर काय दाखवायचा? घोडीचा डान्स?"

तेव्हा तिने सांगितलं. माळावर त्याला गोळी लागते. तो उठतो, घोड्यावर बसतो, घरी येतो. रांजणातलं पाणी पितो, टोपी खुंटीला अडकवतो. आणि समोर भिंतीवर त्याचाच फोटो असतो, हार घातलेला. बस. त्याला माहीतच नाही की तो मेलाय.

मग योगेशने बाही वर करून दंड पुढे केला. "बघा वहिनी. काटा."

फोटो तिनेच शोधला. लग्नाच्या अल्बममधला शेखर चांगला होता, गंभीर, जरा बावरलेला. शेजारची नवरी तिने स्वतःच कापून टाकली, उरलेला नवरा मोठा करून आणला आणि चौकटीत बसवला. चंदनाचा हार मेन रोडवरून. सासूबाई, मालिनीबाई, त्या आठवड्यात लेकीकडे ओझरला गेल्या होत्या. "आई यायच्या आत उरकून टाकू," वल्लरी म्हणाली. "त्यांना हे कळलं तर घरात उभं करायच्या नाहीत." जिवंत माणसाच्या फोटोला हार घालू नये, हे तिला माहीत होतंच. माहीत होतं म्हणून तर सुचलं होतं. तिचा त्यावर विश्वास नव्हता, एवढंच.

सईला घरी ठेवायला कोणी नव्हतं, म्हणून तिला बरोबर न्यावं लागलं. आणि वल्लरीने काळजी घेण्यात काही म्हणता काही कमी केलं नाही. रक्त सईसमोर केलं, बिटाचा रस आणि काकवी. पोरीने ढवळलं, चाटूनही बघितलं. पिस्तूल खेळण्यातलं, तिच्याच हातात दिलं. दीपककाका पडला की त्याला गुदगुल्या करून उठवायचं काम तिलाच. लाल डोळ्यांचा मुखवटा तर तिला दिसूच नये म्हणून पिशवीच्या तळाशी, टॉवेलखाली. फोटोचा प्रसंग काकांच्या शेतातल्या पत्र्याच्या खोलीत झाला. तेव्हा सई आईच्या मांडीवर बसून होती, कॅमेऱ्याच्या शेजारी. हार जरा वाकडा दिसत होता, तो वल्लरीने उठून सरळ केला. शेखर तीनदा आत आला, तीनदा पाणी प्यायला, तीनदा फोटोसमोर थांबला. सईने हूं की चूं केलं नाही.

"बघ, घाबरली नाही," वल्लरी शेखरला परत येताना गाडीत म्हणाली होती. पोर मागच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसली होती.

शनिवारी दुपारी वल्लरीने सईला पुढ्यात घेतलं आणि केसांना तेल लावायला बसली. डोक्यावर हात फिरत असला की पोर बोलते, हा तिचा अनुभव होता.

"बाबाशी कट्टी आहे का ग?"

"नाही."

"मग बोलत का नाहीस त्याच्याशी?"

सईने दाराकडे बघितलं. शेखर आत लॅपटॉपवर होता. तिने आईचा कान स्वतःच्या तोंडाशी ओढला. "त्यांना माहीत नाहीये."

"काय माहीत नाहीये?"

"ते देवाघरी गेलेत ते."

वल्लरीचा हात केसांतच थांबला.

"तू सांगू नको हं," सई कुजबुजली. "ते रडतील."

"अगं, काहीतरीच काय! बाबा तर आत बसलाय. कोणी सांगितलं तुला?"

"आपण हार घातला ना."

आपण. वल्लरीला तो वाकडा हार आठवला, आणि तो सरळ करणारा आपला हात.

हॉलच्या भिंतीवर सईच्या आजोबांचा, खंडेरावांचा फोटो होता. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर काढलेला, सफारीतला. ते गेले तेव्हा सई सव्वातीन वर्षांची होती. मरण म्हणजे काय ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. तेराव्याला फोटोला हार घातला, आणि मालिनीबाईंनी तिला कडेवर घेऊन दाखवलं, "हार घातला की माणूस देवाघरी जातं. आता आजोबा इथून आपल्याला बघणार." मग श्राद्धाला पान वाढलं, घास बाल्कनीत ठेवला. एवढंच तिला शिकवलं होतं, आणि एवढं तिने नीट लक्षात ठेवलं होतं. मुखवटा टॉवेलखाली लपवणाऱ्या आईला हे मात्र सुचलं नव्हतं. कारण तिला स्वतःला त्या फोटोची भीती वाटली नव्हती.

"तो पिक्चर होता, सई. खोटं खोटं. रक्त नव्हतं का आपण केलं? गोड?"

"रक्त खोटं होतं," सईने मान हलवली. "पिस्तूल पण."

"मग! चल, बाबाचा हात बघ धरून. गरम असतो. तो चालतो, जेवतो..."

"ते पिक्चरमध्ये पण चालत होते," सई म्हणाली. "पाणी पण प्यायले."

नखं नाहीत, सुळे नाहीत, पांढरं तोंड नाही. वल्लरीने स्वतः घडवलेलं भूत ते, नुसतं दमून घरी आलेलं माणूस. आता शेखरने काहीही केलं असतं, हसला असता, शिंकला असता, तरी त्यातून एवढंच ठरणार होतं की त्याला अजून कळलेलं नाही. आणि अनोळखी नटांचं तिने एवढं कौतुक केलं होतं. सईला तर जगात ह्याहून ओळखीचा चेहरा नव्हता.

संध्याकाळी तिने शेखरला सांगितलं. तो पलंगाच्या कडेवर बसला. चेहरा उतरला. पण त्याच्या आधी, एक क्षणभर, त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकून गेलं. ते तिने पकडलं, कारण दुपारी तेल लावताना तेच तिच्या मनातही येऊन गेलं होतं. शॉट जमलाय.

"काढून टाकतो तो," शेखर पडेल आवाजात म्हणाला.

"पिक्चरमधून काढून काय उपयोग? तिने कुठे पिक्चर बघितलाय?"

"मग काय करू मी, वल्लरी? माझीच पोर मला पाणी देते आणि लांब उभी राहून बघते, खाली जातंय का म्हणून."

"डॉक्टरांना विचारते सोमवारी. सायकॉलॉजिस्ट असतात मुलांचे."

"काय सांगशील? बाप मेलाय, आणि बरोबर आलाय?"

दोघांनी ठरवलं, आधी तिच्यासमोर हार काढायचा. रविवारी सकाळी योगेशने फिल्म स्पर्धेला पाठवून दिली. शॉट तसाच होता. काढायचं का, हे परत कोणी कोणाला विचारलं नाही.

दुपारी मालिनीबाई ओझरहून आल्या. पिशवीतून नातीला फ्रॉक काढून दिला, चहा झाला. चारच्या सुमाराला शेखरने कपाटामागून तो फोटो काढून आणला आणि सईसमोर जमिनीवर उभा केला. सासूबाईंना आधी सांगावं की नंतर, ह्या विचारात वल्लरी राहून गेली होती. आता राहिलंच.

मालिनीबाईंचा हात तोंडाशी गेला. "शेखर! हे काय रे?"

"आई, थांब जरा. पिक्चरसाठी..."

"जिवंत माणसाच्या फोटोला? माझ्या पोराच्या?" त्या वल्लरीकडे वळल्या. "कोणाचं हे डोकं?"

"माझं," वल्लरी म्हणाली.

"वाटलंच. इतकी कॉलेजं केलीत ना तुम्ही! पोरगी जरा शिंकली तर रात्रभर बसता. आणि नवऱ्याला हार घालताना हात नाही कापला?"

"आई, बोला तुम्ही मला, काय बोलायचं ते. पण नंतर. सईसाठी चाललंय हे." आणि तिने दोन वाक्यांत सगळं सांगितलं. मालिनीबाई सोफ्यावर बसल्या त्या बसल्याच.

शेखर गुडघ्यांवर बसला. "हे बघ, राजा. हा हार मी काढतो. बघ. काढला. आता मी देवाघरी नाही. इथे आहे. संपलं."

सईने फोटोकडे बघितलं, हाराकडे बघितलं. त्याचं म्हणणं तिला पटत असावं, कारण तिचे डोळे मोठे झाले. आणि मग ती वळली, वर भिंतीकडे.

"मग आजोबांचा पण काढा."



"तो तसा नाही, सई..." वल्लरीने सुरुवात केली. हा हार खोटा, तो खरा. कशावरून? चंदन तेच, दुकान तेच.

"काढा ना. म्हणजे येतील ते."

"नको, बाळा," शेखर म्हणाला. "आजोबांचा नाही काढायचा."

"का?"

शेखरने वर फोटोकडे बघितलं. सई हळूहळू मागे सरकली. "मग तुमचा पण परत घाला," ती म्हणाली, आणि ते तिने रागाने म्हटलं नव्हतं. खेळ संपला, आता वस्तू जागेवर ठेवा, असं म्हटलं होतं.

मालिनीबाई उठल्या. त्यांनी जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीशी ओढली.

"आई, काय करताय?"

"धर खुर्ची," त्या सुनेला म्हणाल्या.

चौदा महिन्यांत त्या फोटोला त्यांनी रोज फडकं मारलं होतं, हार मात्र कधी हलवला नव्हता. आता तो दोन्ही हातांनी उचलून त्यांनी काढला. त्याच्याखाली काचेवर हाराच्या आकाराचा धुळीचा पट्टा होता. खाली उतरताना त्यांनी वल्लरीच्या खांद्याचा आधार घेतला. "काढला ग," त्या नातीला म्हणाल्या. "बस आता. वाट बघ."

सई दाराशी जाऊन बसली. कडी काढून तिने दार किलकिलं केलं. समोर लिफ्ट होती. आजोबा रोज पाचला फिरून यायचे, ते लिफ्टनेच.

लिफ्ट वर आली. चौथ्या मजल्यावर गेली. खाली गेली. दुसऱ्यावर थांबली. दर वेळी सई उठून उभी राहायची आणि पुन्हा बसायची. एकदा तिसऱ्यावर थांबली, दार उघडलं, समोरच्यांचा पार्सलवाला निघाला. "कोणाची वाट बघतेस, बेटा?" त्याने विचारलं. "आजोबांची," सई म्हणाली.

शेखर भिंतीला टेकून बसला होता. वल्लरीला दोनदा वाटलं, उठावं, दार लावावं, पोरीला कार्टून लावून द्यावं. ती उठलीही. मालिनीबाईंनी नुसता हात वर करून तिला थांबवलं. हार त्यांच्या मांडीवर होता आणि त्या त्याचा एकेक वेढा बोटांनी सुटा करत होत्या. सव्वापाच झाले, साडेपाच झाले. सई दूध प्यायली नाही. तिने शू दाबून धरली होती ते वल्लरीला दिसत होतं, गुडघे जवळ घेतलेले, टाचा जमिनीवर घासणाऱ्या. आपण आपल्या पोरीला मुद्दाम दुःख होऊ देतोय आणि बघतोय, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

जिन्यातला दिवा लागला. लिफ्ट बराच वेळ तळाशीच राहिली.

"आजी," सई लिफ्टवरची नजर न काढता म्हणाली, "ते येत नाहीयेत."

"नाही, बाळा."

"हार काढला तरी?"

"काही केलं तरी नाही ग." मालिनीबाईंचा आवाज कोरडा होता. "मी लय बघितली वाट. गेलेलं माणूस नाही येत."

सई उठली. तिने दार लावलं नाही. ती चालत शेखरच्या समोर येऊन उभी राहिली आणि त्याच्याकडे बघत राहिली, कपाळापासून पायाच्या बोटांपर्यंत.

"मग तुम्ही कसे आलात?"

"मी गेलोच नव्हतो, सई."

तिचा ओठ वाकडा झाला. मग तिने हात उचलला आणि त्याच्या छातीवर मारला, मग खांद्यावर, मग जिथे लागेल तिथे. मुठी आवळून, दात खाऊन, तोंडाने एक अक्षर न काढता. शेखरने हात वर केले नाहीत. त्याचा चष्मा उडून सोफ्याखाली गेला. पोरीची चड्डी ओली झाली होती, फरशीवर थेंब पडत होते, आणि ती मारत होती. मारता मारता तिला रडू फुटलं, आजोबांच्या नावाने. ते गेल्यापासून पहिल्यांदाच. बाप तेवढा समोर होता म्हणून तिने त्याच्याच शर्टाला धरलं.

वल्लरी टॉवेल घेऊन दोन पावलं पुढे गेली आणि तिथेच थांबली. मागे मालिनीबाई हार घेऊन स्वयंपाकघरात गेल्या होत्या. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ तसाच सुरू राहिला.